सुनेला ‘ताक’ आणि ‘टाक’ एकच ऐकू येतं! दोष कानाचा की आणखी कशाचा?

सातारकर_आजी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत बसते, पण आता राहवत नाही म्हणून धागा काढतेय.

चिरंजीव श्टुटगार्टला असतात. सूनबाई तिथलीच, जर्मन. ती मराठीच्या इतकी मागे लागलीय की मला माझीच लाज वाटते, कारण माझी गाडी अजून ‘गुटेन टाग’च्या पुढे सरकलेली नाही. दिवाळीला सगळे सहा आठवडे इथे होते. नात सात महिन्यांची.

एकदा जेवताना मी तिला म्हटलं, “भातावर ताक टाक.” ती वाडगं हातात घेऊन थबकली. मग विचारते, “आई, टाक-टाक म्हणजे पटकन टाक का?” ‘हळूहळू’, ‘गरमगरम’ ती शिकली होती ना, त्यातलाच प्रकार वाटला तिला. सगळे हसलो, तीही हसली. पण माझ्यातली मास्तरीण काही गप्प बसेना. तीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घातलंय. मला वाटलं, नीट लक्ष देत नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षाच घेतली. तिला पाठमोरं बसवलं आणि वीस शब्द म्हटले. ताट-टाट, ताप-टाप, वात-वाट, असे उलटसुलट. ‘त’ आला तर तिने एक बोट दाखवायचं, ‘ट’ आला तर दोन. अकरा बरोबर आले. मी सावकाश म्हटलं, मोठ्याने म्हटलं, तरी तेच. शेवटी ती रडवेली होऊन म्हणाली, “आई, खरंच एकच आहे ते.”

मला फार वाईट वाटलं. तिचे कान तर इतके तिखट की वरच्या खोलीत बाळ कुरकुरलं तरी हिला स्वयंपाकघरात कळतं. मग हा काय प्रकार आहे? आणि नातीलाही पुढे असंच होणार का?

नादखुळा

मी पयला!
वीसपैकी अकरा म्हणजे पंचावन्न टक्के. आमच्या वेळी एवढ्यावर पेढे वाटायचे, आजी.

ध्वनिवेडी

आजी, आधी ते पंचावन्न टक्के बघू. दोनच पर्याय असताना नाणं उडवून उत्तरं दिली तरी वीसपैकी दहाच्या आसपास बरोबर येतातच. म्हणजे तिला थोडंफार ऐकू येतंय असं नाही, या जोडीपुरतं काहीच ऐकू येत नाहीये. ती खरं बोलत होती.

मी वाचा-श्रवण उपचारांचं काम करते, त्यामुळे हा माझा रोजचा विषय. आवाज कानात जाणं ही एक गोष्ट आणि तो ‘अमुक’ म्हणून कळणं ही दुसरी. मानसशास्त्रात पहिल्याला संवेदन म्हणतात, दुसऱ्याला संवेदन अधिक अर्थ, म्हणजे अवबोध. सूनबाईंच्या कानाच्या पडद्यावर ‘त’ची थाप वेगळी पडते आणि ‘ट’ची वेगळी. पण जर्मनमध्ये या जागी एकच वर्ण आहे. मेंदू दोन्ही थापा उचलतो आणि त्या एकाच खणात टाकतो. तिच्यापर्यंत पोचतो तो खण.

आपण तरी काय वेगळं करतो? इंग्रजी ‘टेबल’मधला पहिला वर्ण ना आपला ‘ट’ आहे, ना ‘त’. इंग्रज जिभेचं टोक दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्याला लावतो. आपण मात्र तो बिनदिक्कत ‘ट’च्या खणात टाकून ‘टेबल’ लिहून मोकळे होतो.

श्रवणतपासणीची गरज मला तरी दिसत नाही. नातीचं सविस्तर लिहिते, एक पेशंट आलाय.

खडूस_काका

मला हे पटत नाही. माणूस मन लावून ऐकेल तर ऐकू येणार नाही कसं? ‘मेंदू खणात टाकतो’ वगैरे ऐकायला छान आहे. हल्ली सगळं मेंदूवर ढकलायची पद्धत पडलीय.

सिएटलकर

काका, तुमचा दाखला मीच देतो. अठरा वर्षं इथे आहे. ऑफिसात मी ‘वेस्ट’ म्हटलं की समोरच्याला कळत नाही, हा पश्चिम दिशा म्हणतोय की सुटाच्या आत घालायचं बंडी-जाकीट. माझी इथे जन्मलेली मुलगी म्हणते, “बाबा, एकात ओठ गोल करायचे, दुसऱ्यात खालचा ओठ दाताला लावायचा.” ओठांचं समजलं, आरशासमोर जमतंही. पण ती मागून म्हणाली की मला दोन्ही ‘व’. मन लावायचं कुठे, तेच कळत नाही.

खडूस_काका

बरं, मोठ्यांचं राहू दे. लहान बाळांना सगळे आवाज वेगळे कळतात असं मी कुठेतरी वाचलंय. सात महिन्यांचं बाळ काय उठून सांगतं का, ‘आजोबा, हा मूर्धन्य बरं का’?

ध्वनिवेडी

सांगतं! फक्त विचारायची युक्ती लागते.

या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग नेमका आपल्या ‘त’ आणि ‘ट’वरच झालाय. कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा, १९८४ सालचा. त्यांनी हिंदीतले दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ हे वर्ण घेतले आणि जोडीला तिथल्या एका आदिवासी भाषेतली, इंग्रजीत नसलेली आणखी एक जोडी. बाळं इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली, हिंदीचा वाराही न लागलेली.

बाळ आईच्या मांडीवर. ध्वनिवर्धकातून ‘ता, ता, ता’ चालू. मध्येच ‘टा’ येतो, आणि तो आला की बाजूच्या काळ्या काचेच्या पेटीत दिवा लागून आतलं खेळणं नाचायला लागतं. चारदोनदा असं झालं की बाळ हुशार होतं. आवाज बदलल्याबरोबर, खेळणं दिसायच्या आधीच पेटीकडे मान वळवतं. मान वळली म्हणजे फरक कळला. आईच्या कानांवर संगीत लावून ठेवतात, नाहीतर नकळत तीच बाळाला इशारा करायची.

सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी माना वळवल्या. आठ ते दहा महिन्यांत हे प्रमाण घसरलं. दहा ते बारा महिन्यांची जवळपास सगळी बाळं सूनबाईंसारखीच, ढिम्म. हिंदी घरांतली त्याच वयाची बाळं मात्र मान वळवत होती.

याच्याही आधी, १९७१ मध्ये, पीटर आयमस यांनी एक महिन्याच्या बाळांना ‘ब’ आणि ‘प’ वेगळे कळतात हे दाखवलं होतं. तिथे खूण होती चोखण्याची. तोच तो आवाज ऐकून बाळ कंटाळलं की चोखणं मंदावतं, नवीन आला की वेग वाढतो.

म्हणजे बाळ येतं ते सगळ्या जगाचे कान घेऊन. वर्षभरात घरच्या भाषेला जे फरक लागतात ते पक्के होतात, बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायला मेंदू शिकतो. आणि असं दुर्लक्ष करता येणं ही मोठी सोय आहे हो. नाहीतर सर्दी झालेल्या मामाचं, बोबड्या भावाचं आणि फोनवरच्या आजीचं ‘ये’ बाळाला तीन वेगळे शब्द वाटले असते.

सातारकर_आजी

बाई गं. म्हणजे नातीकडे तीन-चारच महिने उरलेत?

पाटीपेन्सिल

अवांतर आहे, पण कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही मांडणी आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी झालीय. घशापासून ओठांपर्यंत ओळीने. पाश्चात्त्यांना १९८४ उजाडावं लागलं, याचा अभिमान कुणाला वाटतो की नाही?

नादखुळा

अभिमान आहेच हो. पण ती मांडणी आवाज तोंडात कुठे तयार होतो याची. इथे चाललंय तो डोक्यात कुठे पोचतो याचं. दोन वेगळी खाती आहेत.

वऱ्हाडी_मिरची

एक गोष्ट मनात टोचली म्हणून लिहितो. आमच्याकडे ‘डोळा’ नाही, ‘डोया’. ‘जवळ’ नाही, ‘जवय’. मी बारावीनंतर पुण्याला आलो तेव्हा वसतिगृहातली पोरं माझ्याकडून मुद्दाम ‘केळी’ म्हणवून घ्यायची आणि हसायची. एका सरांनी वर्गात सांगितलं, “याला ‘ळ’ ऐकूच येत नाही.”

येत होता की! पुस्तकात ‘ळ’ होता, रेडिओवर होता, परीक्षेत मी तो बरोबर लिहीत होतो. ‘काल’ आणि ‘काळ’ यांत माझी कधी गफलत झाली नाही. फक्त घरचा शब्द घरच्यासारखा यायचा तोंडातून. आजींच्या सुनेला ऐकूच येत नाही, मला ऐकू येऊन वळत नव्हतं. आणि आमची आजी तर म्हणायची, “मी डोयाच म्हनीन, दिसते ना त्याच्यानं?” तिला वळवायचंच नव्हतं. तिन्ही गोष्टी वेगळ्या. लोक तिन्हींना ‘अशुद्ध’ म्हणून एकाच टोपलीत टाकतात.

ध्वनिवेडी

वऱ्हाडी, दंडवत. आमच्या अभ्यासक्रमात हे शिकवायला दोन तास घेतात.

हिरवा_चाफा

हिंदीवाल्यांचं मात्र पहिल्यातलं दिसतं. टिळकांचे ‘तिलक’ करून ठेवलेत. टोकलं तर म्हणतात, वही तो बोला!

वऱ्हाडी_मिरची

सगळ्या हिंदीवाल्यांना एका दोरीत बांधू नका. राजस्थानीत आणि हरियाणवीत ‘ळ’ आहे. आमच्या कंपनीतला जोधपूरचा मुलगा ‘टिळक’ माझ्यापेक्षा खणखणीत म्हणतो.

संपादक

‘ण’ला ‘न’ म्हणणाऱ्यांविषयी आणि पुणेरी उच्चारांविषयी आलेले नऊ प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा. या धाग्यात विषयावर राहा.

सिएटलकर

आजींच्या ‘तीन-चार महिने’वर. आमच्याच गावातल्या विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं घेतली. चिनी, म्हणजे मँडरिन बोलणारी माणसं त्यांच्याशी खेळली, पुस्तकं वाचून दाखवली. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका, बस. त्यानंतर या बाळांना इंग्रजीत नसलेला एक मँडरिन फरक तैवानमधल्या बाळांइतकाच ओळखू येत होता.

पण दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेवढाच वेळ, टीव्हीवर दाखवली. तिसऱ्याला नुसता आवाज ऐकवला. दोन्हींचा परिणाम शून्य. जणू काही ऐकलंच नाही.

सातारकर_आजी

सिएटलकर, तुमचं वाचून काल रात्रभर झोप नाही. मी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीला गाणी म्हणते. ‘अडगुलं मडगुलं’पासून सगळी. ती टक लावून बघते, हात मारते स्क्रीनवर. म्हणजे तिच्या दृष्टीने मी टीव्हीच का?

नादखुळा

आजी, टीव्ही ‘जेवलीस का’ विचारत नाही.

ध्वनिवेडी

नादखुळा थट्टेत बोलला, पण नेमकं बोलला. त्या प्रयोगातला टीव्ही म्हणजे आधी चित्रित केलेली फीत. बाळ हसलं म्हणून पडद्यावरची बाई हसत नव्हती, बाळाने खेळण्याकडे पाहिलं म्हणून त्याचं नाव घेत नव्हती. तुमचा कॉल तसा नाही. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर २०१४ मध्ये एक अभ्यास आला होता. समोर बसलेल्या माणसाकडून मुलं नवी क्रियापदं शिकली, तितकीच जिवंत व्हिडिओ कॉलवरूनही शिकली. चित्रित फितीवरून नाही शिकली. ती मुलं तुमच्या नातीपेक्षा मोठी होती आणि तिथे शब्द तपासले होते, वर्ण नव्हे, हे खरं. तरी ‘मीच टीव्ही का’ हा प्रश्न मनातून काढा.

मात्र एक स्पष्ट विचारते. रागावू नका. घरात रोज चोवीस तास एक मराठी माणूस आहे. चिरंजीव बाळाशी कोणत्या भाषेत बोलतात?

सातारकर_आजी

इंग्रजीत. बायकोला परकं वाटू नये म्हणून. तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. मी मास्तरीण होऊन सुनेची परीक्षा घेतली, घ्यायची होती मुलाची.

खडूस_काका

मी माघार घेतो, कारण आमच्या घरचं लक्षात आलं. सत्तर ओलांडल्यापासून मी म्हणतो, “मला ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता.” मुलगी म्हणते, कानाचं यंत्र घ्या. यातही मेंदूच का?

ध्वनिवेडी

नाही काका, इथे चक्क कान! वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची ओळख तिथेच असते. स्वर जाड पट्टीतले, ते शाबूत. म्हणून आवाज येतो आणि शब्द येत नाही, समोरचा पुटपुटतोय असंच वाटतं. मेंदू जमेल तेवढी ठिगळं लावतो.

ठिगळांवरून आठवलं. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन यांनी ध्वनिमुद्रित वाक्यातला एक वर्ण कापून तिथे खोकला चिकटवला. ऐकणाऱ्यांना शब्द अख्खा ऐकू आला, शिवाय खोकला नेमका कुठे आला हे सांगता येईना. नसलेला वर्ण त्यांनी ‘ऐकला’. काका, तुम्ही दिवसभर हेच काम करताय, म्हणून संध्याकाळी थकवा येतो. कान तपासून घ्या. मुलीचं ऐका.

खडूस_काका

ऐकू आलं तर ऐकीन.

पाटीपेन्सिल

डोळ्यांचं पण असंच का? म्हणजे वय उलटलं की शिकायची खिडकी बंद?

ध्वनिवेडी

खिडकी बंद होते असं म्हणू नये, गंज धरते. दिल्लीत पवन सिन्हा यांचा ‘प्रकाश’ प्रकल्प आहे. जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होते आणि पुढे ती पाहायला कशी शिकतात याचा अभ्यासही होतो. विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकना पत्रातून विचारलं होतं, की जन्मांध माणसाला हाताने घन आणि गोल ओळखता येतात, त्याला अचानक दृष्टी आली तर हात न लावता ते ओळखता येतील का? उत्तर मिळायला २०११ उजाडलं. आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखे आकार दिले. बघून बघितलेला ओळखता येत होता, चाचपून चाचपलेला ओळखता येत होता. चाचपलेला नुसतं बघून ओळखायला सांगितलं, तर उत्तरं जवळपास नाणं उडवल्यासारखी. पुढे त्यांतल्या काहींना पुन्हा तपासलं तेव्हा तेही जमू लागलं होतं. तेही दिवसांच्या हिशेबात, वर्षांच्या नाही!

गोड_गंधार

मी गाणं शिकते, त्यातलं सांगते. भैरव रागातला आंदोलित, म्हणजे हलके झुलणारा, कोमल रिषभ मला पहिलं वर्षभर साध्या कोमल रिषभासारखाच ऐकू यायचा. गुरुजी म्हणायचे, गाऊ नकोस, नुसती ऐक. त्यांचा ऐकला, त्यांच्या मोठ्या शिष्येचा, सारंगीवरचा, हार्मोनियमवर तो का मिळत नाही तेही ऐकलं. एक दिवस आपोआप वेगळा झाला. आता तो ऐकू न येणं मला आठवतसुद्धा नाही. सूनबाईंना एकट्या तुमच्या आवाजात शिकवू नका, आजी.

ध्वनिवेडी

गोड_गंधार, अगदी हेच. जपानी लोकांना इंग्रजीतला ‘र’ आणि ‘ल’ एकच ऐकू येतो. १९९०च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड पिसोनी आणि सहकाऱ्यांनी त्यांना शिकवून पाहिलं. गुरुकिल्ली हीच निघाली, की अनेक माणसांचे आवाज, अनेक शब्द, आणि उत्तर चूक की बरोबर हे लगेच सांगणं. मोठ्या माणसांच्याही ऐकण्यात फरक पडला. पूर्ण जपानी कान गेला असं नाही, पण फरक पडला. एकाच आवाजावर शिकलेला माणूस त्या आवाजापुरता हुशार होतो.

नादखुळा

आजी, व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांचा गट आहे ना? सुप्रभातच्या फुलांऐवजी पहिल्यांदा काहीतरी उपयोग करा त्याचा.

सातारकर_आजी

*(तीन महिन्यांनी)*

धागा वर काढतेय, कारण व्यनि (खासगी निरोप) करून बरेच जण विचारताहेत.

नादखुळाचं ऐकलं. गटावर हुकूम सोडला, सगळ्यांनी ताट-टाट, ताक-टाक म्हणून पाठवा. यांनी पाठवलं, जाऊबाईंनी, भाच्याने, कराडच्या मावशींनी, त्यांच्या मागे कोंबडा आरवतोय. मुलाने ते सगळं फोनवर लावून घेतलं. सूनबाई ट्रामने जाता-येता दहा मिनिटं ऐकते, बोट दाबते, फोन चूक-बरोबर सांगतो. परवा मी पुन्हा वीस शब्द म्हटले. सोळा! जाऊबाईंच्या आवाजात अठरा. माझ्यात दोन कमी का, ते आमच्या घरात अजून चर्चेत आहे.

मुलगा आता नातीशी मराठीत बोलतो. ती दहा महिन्यांची झाली. तिची मान कुठे वळते ते मी बघत नाही.

पण लिहायला आले ते वेगळंच. परवा सूनबाईंनी विचारलं, “आई, मराठीत दोन वेगळे ‘च’ आहेत, मग अक्षर एकच का?” मी म्हटलं, एकच तर आहे. तर म्हणते, “चहाचा च आमच्या ‘डॉइच’च्या शेवटी येतो तो. चमच्याचा च आमच्या ‘त्साइट’च्या सुरुवातीचा.” मी सदुसष्ट वर्षांची. तीस वर्षं मराठी शिकवलं.

ध्वनिवेडी

आजी, तुम्हाला ऐकू येतो तो. कुणी ‘त्सहा’ मागितला तर तुम्ही लगेच हसाल. फक्त लिपीने दोघांना एकच टोपी घातलीय, म्हणून नजरेत आला नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, हे दोन्ही म्हणून बघा.

सातारकर_आजी

बघितलं. आणि काल रात्री कॉलवर नातीला ‘चांदोबा’ म्हणता म्हणता गाणं मध्येच तुटलं, कारण पुढे ‘चंद्र’ म्हणायचं होतं. कॉल संपल्यावर ओट्यापाशी उभी राहून चंद्र, चांदोबा, चंद्र, चांदोबा करत होते. हे बाहेरून विचारतात, “कुणाशी बोलतेयस?”